नेब्रास्कात भरलेली ओटी

प्रेअरी मी तेहतीस वर्षं शिकवली. कराडच्या शाळेत वर्गात नकाशा टांगायचा, उत्तर अमेरिकेच्या पोटावर पट्टीने टकटक करायचं आणि सांगायचं, "हा गवताळ प्रदेश. झाडं विरळ, वारा फार, धान्य भरपूर." मुलं लिहून घ्यायची आणि मी पुढच्या खंडात शिरायचे. त्या पोटात नेब्रास्का नावाचं राज्य आहे आणि एक दिवस तुम्ही तिथल्या मोटेलच्या खोलीत मुगाची खिचडी शिजवत बसाल बाई, असं कुणी सांगितलं असतं तर त्याला मी बाकावर उभं केलं असतं.

खरं तर गेले होते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला, रेडमंडला, मुलाकडे. निखिल तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहे, सून मधुराही तेच करते, आणि त्यांची ईरा सात वर्षांची आहे. दुसऱ्या मुलासाठी दोघं चार वर्षं झटली. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा टिकले नाहीत. मग त्यांनी दत्तक घ्यायचं ठरवलं. मला फोनवर सांगितलं तेव्हा मी काय बोलले तेही लिहून टाकते, लपवून काय करायचंय? मी म्हटलं, "कुणाचं कोण, आणायचं कशाला घरात? एक आहे ना सोन्यासारखी."

त्यानंतर महिनाभर निखिल माझ्याशी फक्त हवामानावर बोलला. रेडमंडच्या हवामानावर महिनाभर बोलणं सोपं नाही, तिथे हिवाळाभर नुसती रिपरिप असते. शेवटी एकदा जेवताना आमचे हे म्हणाले, "तू आयुष्यभर दुसऱ्यांचीच पोरं सांभाळलीस की. तेव्हा नाही विचारलंस कुणाचं कोण." हे एरवी वर्षात दोनच वाक्यं धड बोलतात, त्यातलं हे एक. मला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. मी तिकीट काढलं. यांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं म्हणून हे घरी राहिले आणि मी एकटी निघाले.

रेडमंड

तिकडची पद्धत आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मूल दत्तक द्यायचं असलेली आई कुटुंब स्वतः निवडते. इच्छुकांनी आपला एक अल्बम करायचा. त्यात घर, स्वयंपाकघर, सुट्ट्यांचे फोटो, आजी-आजोबा, आणि आम्ही कसे आहोत याचं एक पत्र. दत्तकाचं काम बघणाऱ्या संस्थेची माणसं असे बरेच अल्बम त्या मुलीपुढे ठेवतात. म्हणजे आपले कांदेपोहेच, पण अख्खं घर ट्रे घेऊन उभं आणि बघायला ती एकटी बसलेली. मला हे फार आवडलं. आमच्या अल्बममध्ये माझाही फोटो होता, पुरणपोळी लाटताना, चष्म्यावर पिठाची बोटं उमटलेली. मी मधुराला म्हटलं, "अगं, जरा बरा फोटो नव्हता का?" ती म्हणाली, "आई, बरे फोटो सगळेच लावतात."

तर त्या अल्बमवरून नेब्रास्कातल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीने निखिल-मधुराला निवडलं होतं. तिचं खरं नाव आणि गावाचं नाव मी सांगणार नाही. तिला आपण हॅना म्हणू.

पण निवडलं म्हणजे झालं असं नाही. बाळ जन्मल्यावर अठ्ठेचाळीस तास आईला सहीच करता येत नाही, असा त्या राज्याचा कायदा. तेवढ्या वेळात तिचा विचार बदलला तर बाळ तिचंच. कायदा योग्य आहे, मी आमदार असते तर मीही असाच केला असता. पण गेल्या वर्षी दुसऱ्या एका राज्यात या दोघांचं तसंच झालं होतं. दोन दिवस मधुराने ते बाळ मांडीवर घेतलं, दूध पाजलं, आणि सहीच्या सकाळी ती मुलगी नको म्हणाली. रिकामी कारसीट घेऊन दोघं परत आली. हे मला निखिलने या खेपेला सांगितलं, गाडी धुता धुता, माझ्याकडे न बघता. वर म्हणाला, "आई, ही शेवटची वेळ. या वेळी कॅन्सल झालं तर आम्ही थांबणार. मधुराला आता झेपणार नाही."

फोन आला तो गुरुवारी दुपारी. बाळ दहा दिवस आधीच, त्या दिवशी पहाटे आलं होतं, मुलगी होती. तासाभरात सगळं घर गोळा करून आम्ही विमानतळावर. माझी एक पिशवी तयारच होती. सुरक्षा तपासणीत तिथल्या माणसाने ती उघडली आणि त्यातून तांदूळ, खण, सुपाऱ्या, हळदकुंकवाची डबी आणि शेंडीचा नारळ निघाला. नारळ त्याने हलवून बघितला, आतलं पाणी वाजलं, आणि त्याने विचारात पडून आपल्या साहेबाला बोलावलं. साहेबाने माझ्याकडे बघून नारळ परत दिला. मधुराने विचारलं, "आई, नारळ कशाला?" मी म्हटलं, "असू दे, लागतो."

प्रेअरी

नेब्रास्कात ओमाहाला उतरून दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या गाडीने पश्चिमेला तीन तास. मार्च महिना, मक्याची कापलेली शेतं आणि सरळ रस्ता. आमच्याकडे कराडहून निघालं की दहा मिनिटांत एखादा डोंगर आडवा येतोच. इथे काहीच आडवं येत नाही. क्षितिजावर धान्याचं एक उंच पांढरं कोठार दिसायचं, ते यायला पंधरा मिनिटं लागायची, आणि ते मागे गेलं की पुढचं दिसायचं. आपण शिकवलेलं सगळं खरं होतं याचा मला उगाच अभिमान वाटला. वारा तर असा की पेट्रोल पंपावर मी दार उघडलं आणि माझी ओढणी समोरच्या ट्रकच्या आरशाला जाऊन लटकली. ट्रकवाल्या बाबाने ती घडी करून आणून दिली. घडी आमच्या ह्यांच्यापेक्षा बरी होती.

महामार्ग सोडल्यावर एक गंमत कळली. समोरून येणारा प्रत्येक माणूस स्टिअरिंगवरून एक बोट उचलत होता. ईराने शोध लावला, "आजी, दे आर सेइंग हाय." मग मीही प्रत्येक गाडीला बोट उचलून दाखवू लागले. कराडच्या चौकात असं केलं तर भांडण होईल.

सगळे बोलत होते, हसत होते, पण मागे मधुरा आणि ईराच्या मधे कारसीट होती आणि मधुरा तिच्यावर हात ठेवून बसली होती. मी त्या सीटकडे बघायचं टाळत होते.

हॉस्पिटल

आता माझा पराक्रम सांगते.

हॉस्पिटल छोटंसं, एकमजली. संस्थेची समाजसेविका शेरन दारातच भेटली. तिने निखिल-मधुराला एक स्वतंत्र खोली मिळवून दिली होती, बाळ तिथेच होतं. शेजारच्याच खोलीत हॅना. कॉरिडॉरमध्ये दोन दारं शेजारी शेजारी. निखिल, मधुरा, ईरा तिघंही जवळजवळ पळतच पहिल्या दारात शिरली. मी मागे राहिले, आणि सरळ पुढे जाऊन दुसरं दार ठोठावलं.

पलंगावर एक लहानशी पोर बसली होती. सोनेरी केस, डोळ्यांखाली काळं, हातात रिमोट पण टीव्ही बंद. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या किती मुली तशा दिसायच्या. माझं इंग्रजी शाळेच्या निरीक्षकांपुढे बोलण्याइतपत आहे. मी म्हटलं, "मी निखिलची आई." ती एकदम म्हणाली, "तुम्ही पीठवाल्या." म्हणजे अल्बममधला फोटो तिच्या लक्षात होता. मी विचारलं, जेवलीस का, दुखतंय का, झोप लागली का. बाळंतिणीला जे विचारायचं ते. ती एकेकाचं उत्तर देत होती, जरा चकित होऊन.

मग मी पिशवी उघडली. तिला म्हटलं, आमच्यात बाळंतिणीची ओटी भरतात, भरू का? ती म्हणाली, "शुअर." कुंकू लावलं. पदर कुठून आणणार, तिच्या पांघरुणाचंच टोक पसरायला लावलं, त्यात तांदूळ घातले, खण, सुपारी, वर नारळ. तिने विचारलं, "याचा अर्थ काय?" आणि मी अडखळले. ओटी भरायची ती कूस रिकामी राहू नये म्हणून. हे मी कुणाला सांगत होते? शेवटी म्हटलं, "म्हणजे तू आमच्या घरची झालीस, रिकाम्या हाताने जायचं नाही."

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण तिचे हात दिसले. हाडकुळे, मोकळे, एका मनगटावर हॉस्पिटलचा प्लास्टिकचा पट्टा. बाळंतिणीचे हात असे मोकळे मला बघवेनात. मी माझ्या हातातली एक सोन्याची बांगडी काढली आणि तिच्या हातात चढवली. त्याच क्षणी शेरन आत आली.

शेरनचा चेहरा बघून मला कळलं की आपण काहीतरी मोडलंय. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "हे सोनं आहे का?" मी अभिमानाने म्हटलं, बावीस कॅरट.

पाच मिनिटांनी मी कॉरिडॉरमध्ये उभी होते आणि निखिल डोकं धरून. "आई, तू काय केलंस यार. सहीच्या आधी तिला किमती वस्तू द्यायचीच नसते. बाळाच्या बदल्यात दिलं असं होतं ते. उद्या जज म्हणाला की आमिष दाखवून सही घेतली, तर संपलं सगळं." करायला गेले गणपती आणि झाला मारुती. शेरनने बांगडी पाकिटात घालून मला परत दिली आणि झालेलं सगळं लिहून काढलं. हॅनाचा वकील तिला एकटीला भेटणार होता, तिच्यावर दडपण आलं का ते विचारणार होता, आणि तोवर मी हॉस्पिटलमध्ये पाऊल ठेवायचं नाही असं ठरलं. मधुरा दारातून बाहेर आली. मला वाटलं, आता बोलेल. तिने माझ्या खांद्यावरून घसरलेली ओढणी नीट केली आणि परत आत गेली, आणि तेच जास्त लागलं. बाळाला बघता का, असंही कुणी विचारलं नाही आणि मीही म्हटलं नाही.

मोटेल, आणि करकोचे

उरलेला वेळ मी आणि ईराने काढला. मोटेलच्या खोलीत दोन विजेच्या शेगड्या होत्या. पहिल्याच फोडणीला धुराचा भोंगा वाजला, शेजारच्या खोलीतून एक आजोबा बनियनवर बाहेर आले, आणि भोंगा बंद होईपर्यंत ईरा दारात उभी राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होती, "इट्स ओके, इट्स जस्ट मोहरी." आजोबांना मी वाटीभर खिचडी दिली. संध्याकाळी वाटी धुऊन परत आली, त्यात दोन संत्री. रिकामी वाटी परत करायची नाही हे त्यांना कुणी शिकवलं देव जाणे.

दुपारी आम्ही दोघी रस्त्यापलीकडच्या छोट्या हॉटेलात गेलो. तिथे लोक राजम्याच्या तिखट रश्श्याबरोबर दालचिनीचा गोड, वरून साखरेचा थर दिलेला मोठा पाव खात होते. एक घास तिखट, एक घास गोड. शाळेच्या डब्यात असंच देतात म्हणे लहानपणापासून. वाढणारी बाई मांस नसलेला रस्सा आहे का बघायला आत गेली आणि घेऊन आली. मला वाटलं होतं कसंसंच लागेल. पण मठ्ठा-जिलबी खाणाऱ्या माणसाने कुणाला नावं ठेवू नयेत. मी दोन पाव संपवले.

ईरा मधूनमधून आईने पाठवलेला बाळाचा फोटो दाखवायला यायची. "आजी, लुक. शी लुक्स लाइक अ पोटॅटो." मी म्हणायचे, "नंतर बघते, चष्मा नाही." चष्मा डोळ्यावरच होता. ईराने तो माझ्या नाकावर नीट बसवला आणि फोटो घेऊन परत गेली. पोरगी आईवर गेली आहे.

त्या संध्याकाळी निखिल आम्हाला नदीवर घेऊन गेला. माझ्यावर तो अजून रागावलेला होता, पण आईला खोलीत डांबून ठेवणं त्याला जमत नाही. प्लॅट नदी म्हणजे रुंद, उथळ, वाळूची बेटं असलेली. कृष्णेच्या घाटावर वाढलेल्या माणसाला ती नदी वाटतच नाही, कुणीतरी पाणी सांडल्यासारखी दिसते. आणि मग आकाशातून करकोचे यायला लागले. राखाडी रंगाचे, कपाळावर तांबडा टिळा, गळ्यातून घुंगरं वाजल्यासारखा आवाज. एक रांग, मग दुसरी, मग मोजता येईना. दक्षिणेकडून उत्तरेला जाताना दरवर्षी ते याच नदीवर काही आठवडे उतरतात. दिवसा शेतातला सांडलेला मका खातात, रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. तेहतीस वर्षं शिकवून हे मला माहीत नव्हतं. पुस्तकात करकोचे नव्हतेच.

मी निखिलला म्हटलं, "चुकलं रे माझं." त्याने दुर्बीण खाली घेतली. मग म्हणाला, "आई, तू तिला बांगडी का दिलीस ते मला कळतंय. जजला कळेल का ते माहीत नाही." मग त्याने दुर्बीण माझ्या हातात दिली. मला काही दिसलं नाही, पण मी दिसतंय म्हणून सांगितलं.

देवाला मी त्या दोन दिवसांत बरंच काही बोलले. आमच्या भजनी मंडळातल्या बायकांनी निघताना देवकी-यशोदेचा दाखला दिला होता, प्रत्येकीने वेगवेगळा. यशोदेचं कौतुक सगळ्यांना. देवकी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करत होती हे कुणीच सांगत नाही. मी मात्र त्या मोटेलमध्ये तोच विचार करत होते. आणि खरं सांगते, सोबत दुसरा विचारही होता: तिने सही करावी. दोन्ही एकाच वेळी मनात होते आणि मला दोन्हींची लाज वाटत होती.

सही

तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी अकराला शेरनचा फोन आला. निखिल आणि मधुरा हॉस्पिटलातच होते. शेरन म्हणाली, "तुम्ही या. ईरालाही आणा." एवढंच. सही झाली का, विचारायचं धाडस मला झालं नाही. खिचडीवाले आजोबा त्यांच्या ट्रकमधून आम्हाला सोडायला आले. वाटेत समोरच्याने बोट उचललं तरी मी उलट उचललं नाही, हे मला नंतर आठवलं.

कॉरिडॉरच्या टोकाशी शेरन उभी होती. तिने मला बाजूला घेतलं. हॅनाच्या वकिलाने तिला विचारलं होतं, कुणी तुला काही दिलं का? ती म्हणाली, हो, तांदूळ, कापड, नारळ आणि बांगडी. बांगडी परत गेली, नारळ मी देणार नाही. त्याने विचारलं, त्यामुळे तुला दडपण आलं का? तर ती म्हणाली, "दोन दिवस या कॉरिडॉरमध्ये जो आला तो त्या दाराने आत गेला. ती एकटी माझ्या दाराने आली." वकिलाने ते जसंच्या तसं कागदावर लिहून घेतलं. मग तिने सही केली.

मी तिथल्या बाकावर बसकण मारली. मधुरा आली, माझ्यासमोर जमिनीवरच बसली आणि माझ्या मांडीत डोकं घालून रडली, मोठ्याने, कुणाची पर्वा न करता. मीही रडले. ईरा दोघींना टिश्यू पुरवत होती.

मग शेरन म्हणाली, हॅना निघायच्या आधी बाळाला भेटणार आहे, आणि तिचं म्हणणं आहे की बाळाला आजीने घेऊन यावं. मधुराने ते गाठोडं माझ्या हातात ठेवलं. दुपट्याचं टोक चेहऱ्यावर आलं होतं. ते बाजूला न करता, नाकासमोर बघत, मी आठ पावलं चालले.

हॅना जीन्स घालून खुर्चीत बसली होती. बॅग भरलेली होती. ती म्हणाली, "तुम्ही आधी माझ्याकडे आलात. थँक यू."

आता हे ऐकून गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, आणि माझ्या वाट्याला जे कौतुक येत होतं ते माझं नव्हतं. मी म्हटलं, "पोरी, मी मोठ्या मनाने नाही आले तुझ्याकडे. मला त्या खोलीत जायची भीती वाटत होती. बाळाचं तोंड बघितलं आणि मग तू नाही म्हणालीस, तर मी काय केलं असतं? अजूनही मी हिला बघितलेलं नाही."

तिने पायाजवळची बॅग बाजूला सारली. मग हळूच म्हणाली, "मीही नाही. जन्मली तेव्हा डोळे मिटून घेतले होते. बघितलं असतं तर सही करता आली नसती."

मी तिच्या शेजारची खुर्ची ओढली आणि अगदी खेटून बसले. गाठोडं ठेवलं, अर्धं माझ्या मांडीवर, अर्धं तिच्या. दुपट्याचं एक टोक तिने धरलं, एक मी धरलं, आणि आम्ही दोघींनी मिळून पोरीचं तोंड पाहिलं.